काळे दगड



गेल्या महिन्यात कामानिमित्त जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेले होते. तिथला नाताळ बाजार १४३४ पासूनचा! लाकडी खेळणी, मसाल्याची गरम वाइन आणि सुकामेवा घातलेला ‘श्टोलन’ केक.

बाजारापासून जवळच फ्राउएनकिर्शं हे चर्च आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याचा ढिगारा तसाच पडून होता. मग कोणता दगड मूळचा कुठला, हे संगणकाच्या मदतीने शोधून २००५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. नव्या फिकट दगडांमध्ये जुने काळे दगड आजही उठून दिसतात. शिखरावरचा क्रॉस घडवला एका ब्रिटिश कारागिराने. त्याचे वडील त्या हल्ल्यात वैमानिक होते.

ते ऐकलं आणि मला आपली दहावी आठवली. क्षुल्लक कारणावरून मी बाकावरच्या मैत्रिणीशी अबोला धरला होता. चूक माझीच होती. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. पिशवीत तिच्यासाठी श्टोलन आणलाय. भाषण इथेच थांबवते, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसतेय.