खोली करून राहणारी मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाला पाच जणींत बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. पण त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या घरी जे झाले तेच सांगा. ते पुष्कळ घरी होते, कोणी बोलत नाही एवढेच." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या.

आपले जवाहरनगर हे कारखान्याचे गाव. १९६४ साली कारखाना आला आणि त्याच्या आधाराने वसाहत वसली. निरनिराळ्या मुलखांतली माणसे येथे एका ओळीत राहतात. पोरांचे दहावी-बारावीपर्यंतचे दिवस घरच्या ताटावर निघून जातात. पुढे मात्र बहुतेकांचे पाऊल नागपूरकडे वळते. रस्ता तासा-दीड तासाचा, पण रोजचे जाणे-येणे झेपत नाही. मग मुलगा तेथे खोली करून राहतो. आपण त्याला गादी देतो, बादली देतो, चिवड्याचा डबा देतो आणि देवाला नमस्कार करावयास सांगतो. एक गोष्ट देत नाही. स्वतःचे पोट स्वतः कसे भरावे, हे शिकवीत नाही.

माझ्या धाकट्याचे असेच झाले. दोन वर्षांपूर्वी तो नागपूरला गेला. त्याला चहासुद्धा करता येत नव्हता, आणि हे मी त्या वेळी कौतुकाने सांगत असे! "आमच्या बाळाने कधी गॅसला हात लावला नाही हो," असे मी ह्याच मंडळात बसून म्हटले आहे. जेवणाचा डबा लावला होता. पण वर्गाच्या वेळा आणि डब्याच्या वेळा जुळेनात. डबा दाराशी थंड होऊन पडे आणि पोरगा समोसा, चहा, पुन्हा समोसा ह्यांवर दिवस काढी. दिवाळीला घरी आला तेव्हा गालफडे बसलेली. डॉक्टरांनी रक्त तपासले, ते कमी निघाले. ते म्हणाले, "औषध देतो, पण ह्याला घरचे जेवण द्या." आता घर येथे आणि पोरगा तेथे, जेवण द्यावयाचे कसे?

तेव्हा त्याला शिकविले कोणी, ते ऐका. मी नाही शिकविले. मला तर रडूच येत होते. शिकविले त्याच्या मोठ्या बहिणीने. दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस तिने त्याला ओट्यापाशी उभे केले, आणि पुढे महिनाभर रोज संध्याकाळी फोनवरून सांगत राहिली. एक विजेची शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक गंज, एक सराटा, एवढाच त्याचा संसार.

पहिला धडा खिचडीचा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन्ही दोन पाण्यांनी धुवायचे. कुकरातच तेल तापवून जिरे, हळद, कापलेला टमाटर घालायचा, साडेचार वाट्या पाणी आणि मीठ घालून तीन शिट्या करायच्या. वरून सांबार आणि लिंबू. दुसरा धडा वरण-भाताचा. तुरीची डाळ अर्धा तास भिजविली की लवकर शिजते आणि वीजही कमी जळते. तिसरा धडा चुनाचा. बेसन आधी थंड पाण्यात कालवून मगच फोडणीत सोडायचे, म्हणजे गाठी होत नाहीत. चौथा पालेभाजीचा, आणि पाचवा मटकीला मोड आणण्याचा. पालेभाजी आणि मोड आलेले कडधान्य ह्यांवर लिंबू पिळून खाल्ले, तर त्यांतले लोह अंगी लागते. जेवल्याबरोबर चहा घेतला, तर तेच लोह वाया जाते. हे तिने शाळेच्या पुस्तकातून काढून त्याला सांगितले. मी इतकी वर्षे स्वयंपाक केला, पण मला हे ठाऊक नव्हते. पोळ्या त्याला जमल्या नाहीत. त्या तो गल्लीतल्या एका बाईंकडून विकत आणी. त्यात काही कमीपणा नाही. त्या बाईंचेही घर चालते.

एकदा चूक झाली. एप्रिल महिना होता, आणि नागपूरचा उन्हाळा आपण जाणतोच. सकाळचा भात उरला, तो झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाल्ला. रात्रभर उलट्या. तेव्हा आम्हांला कळले की, उरलेला भात उष्ण हवेत तसाच राहिला तर त्यात जंतू वाढून विष तयार होते, आणि पुन्हा कितीही तापविले तरी ते विष जात नाही. आपल्या घरी फ्रिज असतो. खोलीवर नसतो. म्हणून खोलीवरच्या स्वयंपाकाचा पहिला नियम हा की, एका वेळचे एका वेळी करावे आणि संपवावे.

आमच्या घरच्यांना आधी हे पटत नव्हते. "शिकायला पाठविला की भांडी घासायला?" असे ते म्हणाले. मी त्यांना गांधीजींची गोष्ट सांगितली. वर्धा-सेवाग्राम आपल्याला काही दूर नाही. तेथे राहणारे गांधीजी तरुणपणी, १८८८ ते १८९१ ह्या काळात, लंडनला बॅरिस्टरीसाठी होते. आरंभी त्यांनी साहेबी थाट करून पाहिला. पुढे खर्चाचा पैन्‌पै हिशेब ठेवू लागले, एकच खोली घेतली, शेगडी आणली आणि सकाळी ओटची लापशी व कोको स्वतः करू लागले. रात्रीही घरी पाव आणि कोको. दिवसाचे खाणे एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागवीत, आणि गाडीभाडे वाचवून रोज आठ-दहा मैल पायी चालत. त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिले आहे की, त्यामुळे अभ्यास बुडाला नाही, उलट मन हलके झाले आणि शरीर चांगले राहिले. हे ऐकल्यावर घरचे काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात तांदळाची पिशवी मात्र त्यांनी स्वतः उचलून बसमध्ये ठेवली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी आणि माझी मुलगी नागपूरला त्याच्या खोलीवर गेलो. मी सवयीने पदर खोचून उठले, तर तो म्हणाला, "आई, तू बस." त्याने वरण-भात केला, वांग्याची भाजी केली, घरून नेलेली जवसाची चटणी वाढली. भाजीत मीठ थोडे जास्त होते. पण माझ्या लग्नाला एकवीस-बावीस वर्षे झाली, आजारपण सोडले तर कोणी मला बसवून गरम ताट वाढल्याचे मला आठवत नाही. मी खाली मान घालून जेवले, कारण डोळ्यांत पाणी आले होते.

जेवण झाल्यावर तो आम्हांला फिरावयास घेऊन गेला. त्याची सहल म्हणजे फार पैशांची नव्हे. रविवारी सकाळी कपडे धुवायचे, दुपारी अभ्यास करायचा आणि ऊन उतरले की मित्रांबरोबर पायी निघायचे. कधी दीक्षाभूमी, कधी महाराजबाग, कधी फुटाळा तलाव. त्या दिवशी आम्ही अजब बंगला पाहिला. हे संग्रहालय १८६३ सालचे. जुनी नाणी, शिलालेख, मूर्ती, पेंढा भरलेले पशुपक्षी, असे तेथे पुष्कळ आहे. मी नागपूरला लग्नाच्या खरेदीला दहा वेळा गेले असेन, पण बर्डीच्या दुकानांपलीकडे मी काही पाहिले नव्हते. मग मेट्रोत बसलो. ही गाडी २०१९ साली सुरू झाली. वरून सारे शहर दिसते. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठी बसून घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. तिघांचा मिळून दोनशे रुपयांच्या आत खर्च झाला.

तेथे पाण्याकडे पाहत माझी मुलगी म्हणाली, "आई, एक विचारू? ह्याला चहा येत नव्हता तरी तू ह्याला पाठविलेस. मला सगळे येत होते. मग मला का नाही पाठविलेस?"

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही.

चार वर्षांपूर्वी तिला नागपूरला परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. आम्ही म्हटले, मुलगी एकटी खोलीवर कशी राहणार, जेवणाखाण्याचे कसे होणार, लोक काय म्हणतील. जेवणाखाण्याचे! जी दहाव्या वर्षी पोळ्या लाटत होती, तिच्या जेवणाची आम्हांला काळजी पडली! ती भंडाऱ्याला जाऊन-येऊन बी. ए. झाली. पण तिला व्हायचे होते ते ती झाली नाही. आणि मी स्वतः सातवीवर का थांबले? आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा दोन कोसांवर. माझ्या वडिलांनी रस्त्याचे कारण सांगितले, मी खोलीचे कारण सांगितले. कारण बदलले, गोष्ट तीच राहिली.

घरी आल्यावर मला आनंदीबाई जोशी ह्यांची आठवण झाली. त्यांचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचले असेल. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी भरसभेत सांगितले होते की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्या साडी नेसत, शाकाहार पाळीत आणि आपले जेवण आपण रांधीत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. परंतु तिकडची थंडी, न मानवणारे अन्न आणि श्रम ह्यांनी प्रकृती ढासळली, क्षयाने घेरले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ह्या चरित्रातून मी दोन गोष्टी घेते. मुलगी सात समुद्रांपलीकडे एकटी राहून शिकू शकते, ही एक. आणि शिकणाऱ्या पोराच्या पोटाकडे लक्ष न दिले तर विद्या हाती येऊनही आयुष्य निसटते, ही दुसरी. आनंदीबाईंच्या वेळी पत्राला महिना-दीड महिना लागे. आपली मुलगी नागपूरला असेल तर फोडणी करपण्याच्या आत तिचा फोन येईल!

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. दर उन्हाळ्यात आपण पापड-कुरड्यांचे वर्ग घेतो, ते घ्यावेतच. पण त्याबरोबर बारावीची परीक्षा झालेल्या मुलामुलींसाठी चार दिवसांचा एक वर्ग घ्यावा. खिचडी, वरण-भात, चून, पालेभाजी, उसळ एवढेच शिकवावे. शेगडी सुरक्षित कशी वापरावी, बाजारात ताजी भाजी कशी ओळखावी, महिन्याचा खर्च कसा लिहावा, हेही सांगावे. मुलांना मुद्दाम बोलवावे. खिचडीचा धडा मी घेईन. माझी मुलगीही येते म्हणाली आहे.

आणि दुसरी गोष्ट आपसांतली. आपल्या ओळीतल्या दोन मुली ह्या वर्षी बारावीला आहेत. त्यांच्या आया येथेच बसल्या आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते की, उद्या मुलीला बाहेरगावी जागा मिळाली आणि जीव घाबरला, तर नाही म्हणण्यापूर्वी एकदा माझ्या घरी चहाला या. खोली कशी पाहावी, घरमालकाला काय विचारावे, मुलींचे वसतिगृह कोठे आहे, ते आपण मिळून पाहू. माझ्या मुलीचे ते वर्ष मला परत आणता येत नाही. तुमच्या मुलीचे अजून हातात आहे.