सुई टोचली तर लगेच सांगा

आज मला बोलायचं आहे ते डॉक्टर-सिस्टरांच्या मागे आवराआवर करणाऱ्यांबद्दल. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या दवाखान्यांत आणि लॅबमध्ये कचरा उचलणाऱ्या मावशी, वॉर्डबॉय, घंटागाडीवरचे कामगार.

मावशी कापसाची पिशवी दाबून गाठ मारतात. आत राहिलेली सुई हातमोज्यातून बोटात शिरते. मावशी बोट चोखतात, चिंधी गुंडाळतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. सांगितलं तर बोलणी बसतील, ही भीती! मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या गप्प राहण्याची.

कारण हाताशी वेळ थोडा असतो. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तर 1000 पैकी साधारण 3 जणांना लागण होते. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या 100 पैकी 6 ते 30 जणांना होऊ शकतो. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही 7 दिवस तग धरतो. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हायला हव्यात, आणि पुढे 28 दिवस चुकवायच्या नाहीत. त्या गोळ्यांसाठी एस.टी.नं दारव्ह्यावरून यवतमाळ गाठायचं म्हटलं तर पहिले दोन तास वाटेतच जायचे. म्हणून त्या गोळ्या जवळ कुठे मिळतील, रात्री कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे दवाखान्यानं आजच भिंतीवर लिहून लावावं.

टोचलेली जागा पिळू नका, चोखू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तडक सांगा. सुई कोणत्या पेशंटची, तेही सांगा.

अशाच सुईतून होऊ शकणाऱ्या हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण तो गोळ्यांनी बरा होतो. हिपॅटायटिस बीची लस आहे. तीन डोस, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणं 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी दवाखान्यावर बंधनकारक केलं आहे. मावशी, तुम्ही कंत्राटी असाल तरी ती तुमच्या हक्काची आहे. बिनधास्त मागा.

आणि घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनो, वापरलेली सुई ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात साठवा, वर ‘सुया’ असं लिहा आणि घंटागाडीवाल्या दादांना डबा वेगळा दाखवून द्या.