उन्हाळ्याच्या संध्याकाळी आणि आपली मागची जागा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील उन्हाळी कार्यक्रमांच्या पहिल्या दिवशी, १ मे २०२५ रोजी, बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील मजकूर फारसा न बदलता छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. नाटकातली मुलं रंग फासून विंगेत, म्हणजे आपल्या मीटर रूममध्ये, घामाघूम होऊन बसली आहेत. तेव्हा प्रस्तावना करत नाही. ‘शहरातले उन्हाळी कार्यक्रम’ या विषयावर बोला असं कमिटीने सांगितलं. मी पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंगपासून कपडेपटापर्यंत पडेल ते काम केलं. तेवढ्या भांडवलावर बोलते.

आज महाराष्ट्र दिन. आणि आपल्या सोसायटीतल्या बेन मंडळींना सांगायला नकोच, गुजरातचाही स्थापना दिवस आजचाच. १ मे १९६०. दोन राज्यं एकाच दिवशी वेगळी झाली आणि आपल्या मुलुंडात पुन्हा एकाच जिन्यात राहायला आली. सकाळी झेंड्यानंतर सुखडी आणि पुरणपोळी एकाच ताटात फिरली, हे या सोसायटीत पंचवीस वर्षं चालू आहे. असो.

शहरातले मोठे महोत्सव बघा, बहुतेक सगळे थंडीतले. पुण्याचा सवाई गंधर्व डिसेंबरात, आपल्या मुंबईचा काळा घोडा जानेवारी-फेब्रुवारीत. हवा बरी असते, पाहुणे येतात, जाहिरातदार मिळतात. उन्हाळ्यात कोण येणार? माणसं गावाला, उरलेली लग्नात, आणि राहिलेली पंख्याखाली. पण म्हणूनच उन्हाळा आपल्यासारख्यांच्या वाट्याला आला, असं माझं मत आहे. ज्या कार्यक्रमाला तिकीट नाही किंवा असलं तर थोडं, जिथे गाणारा आणि ऐकणारा एकाच आळीतले, असे कार्यक्रम या शहरात एप्रिल-मे महिन्यांतच रुजले.

सगळ्यात जुनं उदाहरण मात्र पुण्याचं आहे, ते मान्य करायलाच हवं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे यंदा दीडशे वर्षं. वक्तृत्वोत्तेजक सभा असं संस्थेचं भारदस्त नाव, आणि काम काय, तर ऐन उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक व्याख्यान. मला नेहमी वाटायचं की एवढ्या उकाड्यात भाषणं कशाला? मग लक्षात आलं, कोर्टाला सुट्टी, कॉलेजला सुट्टी. वकील मोकळे, प्रोफेसर मोकळे, विद्यार्थी मोकळे. बोलणारे आणि ऐकणारे एकाच वेळी रिकामे सापडतात असा महिना हाच. आजही टिळक स्मारक मंदिरात महिनाभर ती माला चालते. दीडशे वर्षं एखादी गोष्ट टिकते ती नुसत्या वक्त्यांच्या जोरावर टिकत नाही. ठरलेला महिना, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. माणसाला पायाने जायची सवय लागावी लागते. माझ्या बोलण्यातलं ‘जागा’ हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी येणार आहे.

मुंबईत आपण भाषणांपेक्षा नाटकाकडे जास्त झुकलो. बालनाट्य! इथल्या आज्यांपैकी किती जणींनी लहानपणी मे महिन्यात बालनाट्य बघितलंय, जरा हात वर करा. बघा. १९५९ साली सुधा करमरकर अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि गिरगावात साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी लिटल थिएटर सुरू केलं. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’. लिहिलं होतं रत्नाकर मतकरींनी, आणि त्यातली चेटकीण स्वतः सुधाताई. त्याआधी मुलांची नाटकं म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांनीच मोठ्यांच्या मिशा लावून करायची. इथे पहिल्यांदा मोठ्या नटांनी मुलांसाठी, पूर्ण तयारीनिशी, खरा सेट, खरी प्रकाशयोजना, जादूबिदू सगळं घेऊन नाटक केलं. मुलाला अर्धं तिकीट असेल, पण नाटक अर्धं नाही, ही त्यातली गोष्ट.

पुढे मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात की नाटकानंतर आठ दिवस एकट्याने बाथरूमला जायची टाप नव्हती. मुलं किंचाळायची, आयांना बिलगायची, आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी चाळीच्या गॅलरीत आईची साडी बांधून तेच नाटक करायची. तिकीट काढून बघितलेल्या नाटकापेक्षा त्या साडीच्या पडद्यामागचं नाटक मला महत्त्वाचं वाटतं. थिएटरमध्ये मूल प्रेक्षक असतं. गॅलरीत ते नट होतं, मॅनेजर होतं, भांडतं, रुसतं, आणि शेवटी ‘तू राजा हो, मी प्रधान होते’ अशी तडजोडही करतं.

उन्हाळा फक्त मध्यमवर्गाचा होता असं मात्र समजू नका. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी, माटुंगा लेबर कॅम्प, आपल्याकडच्या वस्त्या, सगळीकडे भीमगीतांचे कार्यक्रम. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप ही माणसं सभागृहांत नंतर गेली, आधी अशाच मैदानांत आणि गल्ल्यांत लोकांनी त्यांना ऐकलं. लाकडी स्टेज, हार्मोनियम, ढोलकी, आणि समोर जमिनीवर बसलेली गिरणीतली, म्युनिसिपालिटीतली माणसं. गाण्यातून माणूस शिकवता येतो हे त्या रात्रींनी दाखवलं. आपल्याकडे शहराच्या कलेचा इतिहास सांगताना दादर-गिरगावची थिएटरं येतात आणि ही स्टेजं गळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कोकणवाल्यांचं आणखी वेगळं. मे महिना आला की अर्धी मुंबई गावाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून तर काय विचारता. तिथे देवळासमोर मांडव पडतो, आणि वर्षभर लोकलमध्ये लटकणारा चाकरमानी तिथे तीन अंकी नाटकात खलनायक होतो. या शहराचा उन्हाळा थोडा गावालाही साजरा होतो.

आता सध्याचं थोडक्यात सांगते. जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये दर उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा आणि नाटकं असतात. नरिमन पॉइंटला एनसीपीएत असतात. चर्नी रोडचं बालभवन आहे. शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब आहे. सगळं चांगलं आहे, ज्याला जमेल त्याने मुलांना जरूर न्यावं. पण मुलुंडहून जुहूला मे महिन्याच्या दुपारी दोन मुलांना घेऊन जायचं म्हणजे काय, ते इथल्या आयांना विचारा. आणि फी सगळ्यांना परवडते असं नाही. शिवाय शिबिरात मूल कोणाबरोबर असतं? अनोळखी, पण आपल्याच ऐपतीच्या घरातल्या मुलांबरोबर. दहा दिवसांनी सर्टिफिकेट मिळतं आणि ओळख संपते.

आणखी एक गोष्ट. पूर्वी रात्री साडेनऊला सुरू होऊन दीड-दोनपर्यंत चालणारे कार्यक्रम आता नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. म्हणजे ते नियम आणि आपली सोसायटी जुळी भावंडं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देतं, ती सणावारांतच संपते. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हा नियम मला पूर्ण मान्य आहे, कारण माझ्या बेडरूमची खिडकी या स्टेजवर उघडते! पण त्याचा परिणाम पाहा. मे महिन्यात मुंबईत सूर्य मावळतो सातच्या सुमाराला. अंधार झाल्याशिवाय दिव्याला अर्थ नाही. म्हणजे आपल्याला मिळतात सव्वासात ते दहा, पावणेतीन तास. परीक्षा संपल्यापासून पाऊस येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-अकरा जूनपर्यंत, उघड्यावर काही करता येण्याजोगे एवढेच दिवस आणि एवढेच तास. त्यात जागाही गेली तर मग काय उरतं?

आली जागा.

आपण आत्ता बसलोय ती ही मागची मोकळी जागा. २००० साली आपण राहायला आलो तेव्हा सोसायटीत मोजून अकरा गाड्या होत्या, बाकी स्कूटर. बिल्डरने ही जागा अशीच सोडली होती, कारण इथे राडारोडा पडला होता. पहिल्याच उन्हाळ्यात ए विंगमधल्या काकांनी पाण्याच्या टाकीला चादर बांधून मुलांना प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवला. दुसऱ्या वर्षी मुलांनी नाटक बसवलं. तेव्हापासून कोविडची दोन वर्षं सोडली तर खंड नाही. या पंचवीस वर्षांत इथे काय काय झालं त्याची यादी स्मरणिकेत येईल, मी वाचत नाही. मी तुम्हाला दोनच गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, इथे नाटकात काम करायला फ्लॅट मालकीचा असावा लागत नाही. भाडेकरूंची मुलं असतात, वॉचमनची मुलं असतात, आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुली असतात. हे कोणी ठराव करून ठरवलेलं नाही. दिग्दर्शकाला राक्षस हवा होता आणि सगळ्यात मोठा आवाज वॉचमनच्या मुलाचा होता, एवढंच झालं. मतकरी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ करत होते. त्या मुलांनी स्वतःची नाटकं लिहिली आणि केली. तेवढं मोठं काम आपलं नाही. पण लिफ्टमध्ये ज्या मुलाकडे आपण बघत नाही, त्याच्यासाठी इथे टाळ्या वाजवतो, हे दर उन्हाळ्यात मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट. २६ जुलै २००५ ला पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा ज्या पोरांनी म्हाताऱ्यांना वर उचलून नेलं, त्यांना कोण कुठल्या घरात एकटं राहतं हे माहीत होतं. कसं माहीत होतं? वर्गणी मागायला आणि जुन्या साड्या गोळा करायला तीच पोरं मे महिन्यात दारोदार फिरली होती.

आता कमिटीपुढे प्रस्ताव आहे की या जागेवर पांढरे पट्टे मारून एकोणीस गाड्यांचं पार्किंग करायचं. मी कमिटीला दोष देत नाही. गाड्या वाढल्या आहेत, रस्त्यावर लावल्या की टो होऊन जातात, सेक्रेटरीसाहेबांना रात्री अकराला फोन येतात. माझ्या मुलाची गाडीसुद्धा त्या एकोणीसात आहे, म्हणजे घरातूनच विरोधी पक्ष आहे. पट्टे मारायला माझी हरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पट्टे मारताना एक ओळ ठरावात घाला. दर वर्षी १ मे ते १५ मे, संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा, ही जागा रिकामी राहील. पंधरा दिवस, रोजचे साडेचार तास. त्या वेळेपुरती गाड्यांची सोय समोरच्या शाळेच्या पटांगणात होऊ शकते; शाळेला सुट्टीच असते. मी विचारून आले आहे, भाडं घेऊन द्यायची त्यांची तयारी आहे. भाडं किती, तर दर गाडीमागे पंधरा दिवसांचं होईल ते एका पिझ्झापेक्षा कमी. ज्याला तेही जड वाटेल त्याचं मी भरीन, पण नाव नोटीस बोर्डावर लावीन!

कोणी म्हणेल, गच्चीवर करा. गच्चीवर सोलर आहे, कठडा कमी उंचीचा आहे, आणि सी विंगच्या आजोबांना गुडघ्यांनी तिथे चढता येत नाही. कोणी म्हणेल, हॉल भाड्याने घ्या. मे महिन्यात लग्नाचे हॉल कधी मोकळे मिळतात, ते मुलींची लग्नं केलेल्यांना विचारा. आणि तोंडी आश्वासन मला नको, हेही आदराने सांगते. आजची कमिटी शब्द पाळेल, याबद्दल शंका नाही. पाच वर्षांनी कमिटी दुसरी असेल, गाडीवाल्याला तो पट्टा आपल्या बापाचा वाटायला लागला असेल, आणि ‘असं काही ठरलं होतं का?’ असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायला इतिवृत्त लागतं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून मी लेखी अर्ज आणला आहे. खाली सतरंजीजवळ फाइल ठेवली आहे, पेन दोऱ्याला बांधलंय, कृपा करून पेन घरी नेऊ नका. नाटक संपल्यावर ज्यांना पटेल त्यांनी सह्या करा. न पटेल त्यांनी सभेत येऊन विरोध करा, पण या. गेल्या वर्षी कोरम नव्हता म्हणून सभा अर्धा तास तहकूब करावी लागली होती.

सव्वासात वाजून गेले. आजचं नाटक मुलांनीच लिहिलं आहे. त्यात एक राजा राज्यात सगळीकडे रथ उभे करायला लागतो आणि प्रधानाला चालायला जागा उरत नाही असं काहीतरी आहे. मी सुचवलेलं नाही, देवाशपथ. पुढच्या दोन रांगांतल्या काकांनी मोबाइल सायलेंटवर टाका. आणि कोणीतरी मीटर रूमची कडी काढा, मुलं आतून दार वाजवताहेत.