एनसी घेऊन घरी येऊ नका

खून, दरोडा, चोरी हे गुन्हे आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला बोलायचंय ते एका कागदाविषयी.

पेरणीच्या तोंडावर आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात. कंधार, मुखेड घ्या, नाहीतर औसा, अहमदपूर घ्या. बांध कोरला म्हणून बोलाचाली होते, हातघाईवर येतं. मार खाल्लेला माणूस ठाण्यात जातो, हातात कागद घेऊन येतो आणि गावात सांगतो, 'केली त्याच्यावर केस.' कागद बघावा तर एनसी! अदखलपात्र! मग पोलीस कधी येतील म्हणून वाट बघत बसतो. अहो, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अदखलपात्र गुन्ह्याचा तपासच त्यांना करता येत नाही. वॉरंटशिवाय अटकही नाही.

तुम्ही सोयाबीन घेऊन मोंढ्यात जाता. गेटवर गाडीची नोंद होते, पावती मिळते. ती पावती दाखवून आडत्याकडं कुणी पैसे मागतं का? अजून सौदा व्हायचाय, काटा व्हायचाय, हिशेबपट्टी व्हायचीय. एनसी ही गेटवरची पावती. माल आला, एवढंच ती सांगते. एफआयआर झाला की माल काट्यावर चढला. आणि भाव ठरतो ओलावा बघून, तसं इथं कलम ठरतं जखम बघून. साधी मारहाण, किरकोळ दुखापत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५, अदखलपात्र. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत, कलम ११७, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा दखलपात्र. विळ्या-कुऱ्हाडीनं केलेली जखम साधी असली तरी कलम ११८, तोही दखलपात्र. ओलावा मोजायला यंत्र लागतं, तसं इथं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून आधी सरकारी दवाखाना गाठा आणि दुखतंय ते सगळं दाखवा. दात हलला, हे सांगायला कसली आलीय लाज?

जुन्या माणसांना मारहाणीच्या जुन्या कलमांचे ३२३, ३२४ हे आकडे पाठ आहेत. ते भारतीय दंड संहितेचे. त्याआधी, निजामाच्या राज्यात, आपल्याकडे हैदराबादची वेगळी दंडसंहिता होती. भारतीय दंड संहिता मराठवाड्यात लागू झाली १९५१ मध्ये. १ जुलै २०२४ पासून तीही गेली, न्याय संहिता आली, आकडे बदलले. दखलपात्र-अदखलपात्र हा भेद मात्र कायम आहे.

आणखी एक. एकाच घटनेत शिवीगाळ, धमकी असे अदखलपात्र गुन्हे असतील आणि त्यांच्या जोडीला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून ठाण्यात अर्धवट सांगू नका. हकिकत लिहून झाली की वाचून घ्या, मगच सही करा. कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे की अदखलपात्र लिहिलंय, ते तिथंच बघा. पुन्हा सांगतो, तिथंच, घरी येऊन नव्हे.

दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच हे सांगितलंय. काही प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी होते, तिला मुदत असते. हद्दीचं कारण तर ऐकूच नका. उदगीरच्या माणसाला बिदरमध्ये मारलं तरी उदगीरला झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवा. तिथंही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

जामिनाविषयी बोलायचं होतं, पण वेळ संपत आली. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं नाही. तिथं जामीन हक्कानं मिळत नाही, न्यायालय ठरवतं, एवढंच आज ध्यानात ठेवा.

ज्यांच्या घरात आज एनसीचा कागद पडून आहे, त्यांनी तो घेऊन वकिलाकडं जावं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागावा. वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर नांदेडला आणि लातूरलाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथं वकील मोफत मिळतो. जाताना दवाखान्याचे कागद सोबत न्या.