फॅरोची काच आणि आपला जिना

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'प्राचीन इजिप्त' आणि वेळ दिला आहे वीस मिनिटं. तीन हजार वर्षं वीस मिनिटांत बसवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून एकच वस्तू उचलतो: काच. त्याला कारणही आहे. जिन्याच्या सिमेंटच्या जाळ्या काढून तिथे खालपासून वरपर्यंत काच बसवायची, असा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतो आहे. फॅरोचा आणि आपल्या जिन्याचा काय संबंध म्हणाल, तर जरा धीर धरा.

इजिप्तमध्ये काच सर्रास दिसू लागते ती साधारण इ.स.पू. १५०० च्या सुमारास. गारगोट्या कुटून त्यांची पूड करायची, त्यात वनस्पतींची खारट राख मिसळायची, तांबं किंवा कोबाल्ट घालून रंग आणायचा आणि मातीच्या मुशीत वितळवून लगडी पाडायच्या. हो, लगडीच! सोन्याच्या असतात तशा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस एक जहाज बुडालं. त्याच्या मालात अशा सुमारे पावणेदोनशे लगडी सापडल्या. अमार्ना इथे १८८७ साली मातीच्या पाट्यांवरचा राजघराण्याचा पत्रव्यवहार मिळाला. त्यात अश्कलोनचा मांडलिक फॅरोला कळवतो, की हुकमाप्रमाणे काचेचे तीस नग पाठवत आहे. वाचताना मला आमच्या ब्रँचमधली जावक वही आठवली.

आता तूतनखामेनचा तो प्रसिद्ध मुखवटा घ्या. सुमारे दहा किलो सोनं. त्याच्या शिरोवस्त्रावर जे गडद निळे पट्टे आहेत, ते काचेचे आहेत. खरा निळा दगड, म्हणजे लाजवर्द, अफगाणिस्तानातून यायचा, तोही त्याच मुखवट्यात भुवयांना वापरला आहे. म्हणजे दगड परवडत नव्हता म्हणून काच, असं नव्हे. दोन्ही शेजारी शेजारी बसले आहेत. गोल्ड लोन देताना आमचा सराफ दागिन्यातली काच-खडे वजा करून वजन धरायचा. फॅरोच्या दरबारात त्याची नोकरी टिकली नसती.

मग एवढी काच येत असताना त्यांनी ती खिडकीला का लावली नाही? एक सरळ उत्तर असं, की सपाट, आरपार दिसणारी तावदानं करण्याची कला तेव्हा नव्हती. ती रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात आणली. पण माझ्या मते तेवढ्यानं भागत नाही. त्यांना काच हवी होती ती रंगासाठी, पलीकडचं दिसावं म्हणून नव्हे. आपल्या बायका हिरवा चुडा भरतात तेव्हा कुणी आरपार दिसतं का, असं विचारत नाही.

इमारतीत काचेच्या जवळ जाणारी वस्तू त्यांनी वापरली ती सक्कारा इथे, जोसरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. २६५० च्या आसपास. गारेच्या पुडीच्या छोट्या लाद्या, वर काचेसारखी निळी-हिरवी झिलई. लव्हाळ्याची चटई भिंतीला लटकावलेली दिसावी अशा ओळीत बसवलेल्या हजारो लाद्या. आणि हे सगळं कुठे? जमिनीखाली, गडद अंधारात!

जिथे उजेड हवा होता, तिथे त्यांनी जाळी लावली. कर्नाकच्या मंदिरात १३४ खांबांचा मंडप आहे. मधले बारा खांब सुमारे एकवीस मीटर उंच, बाजूचे ठेंगणे. त्या उंचीच्या फरकात दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत. घरांचंही तेच. ब्रिटिश म्युझियममध्ये नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या पपायरसवर त्याच्या घराचं चित्र आहे: पांढऱ्या भिंती, उंचावर लहान खिडक्या आणि छपरावर वारा आत ओढून घेणारे दोन तिरके झरोके. ऊन पांढऱ्या भिंतीनं परतवायचं, वारा वरून घ्यायचा. विसाव्या शतकात हसन फथी या इजिप्तच्या वास्तुविशारदानं लक्सरसमोर न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी बांधलं, तेव्हा जुन्या पद्धतीचे हे वाऱ्याचे झरोकेच पुन्हा हाताशी धरले.

पण काचेचा पिरॅमिडही आहे की, असं कुणीतरी म्हणणारच. आहे, पॅरिसमध्ये, लूव्रच्या अंगणात. १९८९ साली खुला झाला, वास्तुविशारद आय. एम. पेई. उंची साधारण साडेएकवीस मीटर, तावदानं ६७३. साध्या काचेला लोखंडाच्या अंशामुळे हिरवट झाक येते, म्हणून खास स्वच्छ काच बनवून घेतली. पॅरिसकरांनी सुरुवातीला भरपूर नावं ठेवली. मला मात्र तो योग्य वाटतो. खाली तळघरात संग्रहालयाचं प्रवेशद्वार आहे, तिथे उजेड हवा आहे आणि वर आकाश पॅरिसचं आहे. तिथल्या काचेला इजिप्तचं ऊन सोसायचं नाही.

आपल्या जिन्याला पश्चिमेचं ऊन सोसायचं आहे. काच ऊन आत घेते. त्यानं भिंती-पायऱ्या तापल्या की त्यांच्यातून निघणारी उष्णता मात्र ती सहज बाहेर सोडत नाही. दुपारी तीननंतर तो जिना म्हणजे उभी भट्टी होईल. लिफ्ट बंद पडली की आम्ही सत्तरीतली मंडळी लँडिंगवर दम खात उभी राहतो, ती जाळीतून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर. आणि देव न करो, पण कुठे आग लागलीच, तर धूर बाहेर जायलाही तीच वाट आहे. बंद काचेतून तो कुठे जाणार?

जाळीतून पावसाची झड येते आणि कबुतरं येतात, ही तक्रार खरी आहे. माझ्याच मजल्यावर दोन जोड्या नांदताहेत, मेंटेनन्स न भरता. त्याला बाहेरून छज्जा आणि आतून नायलॉनची जाळी पुरते.

उत्तरेकडची तळमजल्याची लॉबी मात्र दिवसासुद्धा अंधारी असते. तिथे खुशाल काच लावा, माझी हरकत नाही. तेव्हा कंत्राटदारांकडून कोटेशन मागवताना लॉबी आणि जिना ही दोन कामं वेगवेगळी मागवावीत, अशी उपसूचना मी लेखी देणार आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक हवा आहे.