पाटी लावण्याआधी



भोसरीपासून मोशी, चिखली, कुरुळी ते थेट चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं. 'सूनबाई दातांची डॉक्टर आहे, खालचा गाळा रिकामाच आहे, तिला दवाखाना टाकून देऊ.' बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशांतून रस्त्याकडेला इमारत उभी राहिली. वर घर, खाली गाळे. एका गाळ्यात मेडिकल, दुसऱ्यात मोबाइलचं दुकान, तिसरा सूनबाईंचा. पाटी कुठल्या रंगाची हेसुद्धा ठरलेलं असतं. ती मुलगी स्वतःचा दवाखाना चालवायला तयार आहे का, एवढंच कुणी विचारलेलं नसतं.

मी याच भागात दातांचा दवाखाना चालवते. नव्या मुली माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'मॅडम, खुर्ची कुठल्या कंपनीची घेऊ?' खुर्चीचं आपण नंतर बघू. आज मला या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी, सासवांशी बोलायचं आहे, कारण हा निर्णय बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यांसमोर, चहा पिता पिता होतो.

बीडीएसचं शिक्षण पाच वर्षांचं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. एमडीएस केलं तर आणखी तीन वर्षं. मग महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी. नोंदणी झाली की कायद्याच्या लेखी डॉक्टर तयार. पण कॉलेजात मागे सर उभे असतात. नंतर दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्क्यावर काम करताना मालक डॉक्टर पाठीशी असतात. समजा तिने वरच्या दाढेचं रूट कॅनाल केलं. त्या दाढेत पुष्कळदा चौथी बारीक नळी असते, ती सापडली नाही तर दाढ वर्षा-दीड वर्षाने पुन्हा ठणकते. तोवर मुलगी तो दवाखाना सोडून दुसरीकडे गेलेली असते. पेशंटची बोलणी मालक खातात, फुकट परत काम तेच करून देतात, आणि मुलीला वाटत राहतं की आपली सगळी रूट कॅनाल यशस्वी झाली.

म्हणून मी त्यांना विचारते, स्वतः केलेलं किती काम तू दोन वर्षांनी पुन्हा पाहिलंस? किती कॅप निघून आल्या? सिमेंट भरलेल्या किती दातांत कडेने काळी रेघ आली? ज्या मुलीजवळ याचं उत्तर आहे, आणि ते सांगताना जी अडखळत नाही, ती निम्मी तयार झाली असं मी धरते. हात सफाईदार असणाऱ्या मुली पुष्कळ असतात. आपलं बिघडलेलं काम दारात उभं राहिलं की 'या, बसा, बघू या' म्हणणाऱ्या कमी असतात. स्वतःच्या दवाखान्यात तर ते काम नेमकं आपल्याच दारात येणार, कारण पाटीवर आपलंच नाव. त्यासाठी एकाच जागी दोन-तीन वर्षं टिकून काम करावं लागतं. सहा महिने इथे, चार महिने तिथे असं केलं तर अनुभवाचा कागद लांब होतो, पण आपलं काम टिकलं की नाही ते कळत नाही.

दुसरी गोष्ट पैसे सांगण्याची. ही डिग्रीत शिकवत नाहीत. आपल्याकडे येणारा माणूस कंपनीत कामाला, बऱ्याचदा कंत्राटावर. ज्याचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्याचा ईएसआय कापला जातो, तो मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊ शकतो. पिंपरीत संत तुकारामनगरला वायसीएम आहे, दंत महाविद्यालयही आहे. तिथले दर ऐकून माणूस तुमच्या समोर बसतो आणि म्हणतो, 'ताई, एवढे?' अशा वेळी मान खाली घालून निम्मे पैसे सांगणारी मुलगी सहा महिन्यांत चिडचिडी होते. ठसक्यात उत्तर देणारीकडे तो माणूस पुन्हा येत नाही. काय करणार, किती बसण्या लागतील, पैसे कशाचे, आणि हे परवडत नसेल तर वायसीएमला काय होऊ शकतं, हे चारही शांतपणे सांगता आलं पाहिजे.

नाही म्हणणंही त्यातच आलं. अर्धा दिवस सुट्टी काढून आलेला माणूस म्हणतो, आजच दाढ काढा. त्याचं बीपी १८० आहे, साखर शेवटची कधी तपासली ते त्याला आठवत नाही. बाहेर दुसरा पेशंट नाही, महिन्याचा हप्ता डोक्यात आहे. त्या क्षणी 'आज नाही, आधी बीपी आटोक्यात येऊ द्या' असं म्हणता येतं का, ते प्रत्येकीने स्वतःशी तपासावं. मिश्री लावणाऱ्या मावशींच्या गालात पांढरा चट्टा दिसला, तर दात साफ करून पैसे घेण्याआधी त्यांना तपासणीला पाठवायला हवं. चट्टा दिसतो सगळ्यांना, सांगायला धीर लागतो.

आता पैशांचा हिशेब. आकडे मी उदाहरणादाखल घेते, तुम्ही तुमचे घाला. भाडं २०,०००, मदतनीस १२,०००, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता २५,०००, वीज, फोन, कचरा, दुरुस्ती मिळून ८,०००. झाले ६५,०००. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रोजचे २,६००. औषधं, साहित्य आणि लॅबचे पैसे वेगळे. आज तिला दुसरीकडे ३०,००० मिळत असतील तर ते सोडून ती इथे बसणार, म्हणून तेही मिळवा. रोजचे ३,८०० झाले. नव्या दवाखान्यात पहिले महिने पेशंट तुरळक असतात. तेव्हा सहा महिन्यांचे ३,९०,००० यंत्रं घेऊन झाल्यावरही बँकेत शिल्लक हवेत.

सासऱ्यांचा गाळा आहे म्हणून भाड्याचा रकाना रिकामा सोडायचा नाही. त्या गाळ्याला बाहेर जे भाडं मिळालं असतं ते लिहायचं. नाहीतर दवाखाना चालतोय असं वाटतं आणि खरं तर आबांचा गाळा त्याला पोसत असतो. शिवाय करार कागदावर करायचा, आबांशीसुद्धा. यात अविश्वास नाही. उद्या दिरांची वाटणी झाली आणि तो गाळा दुसऱ्याच्या वाट्याला गेला, तर खुर्ची, कॉम्प्रेसर घेऊन कुठे जाणार? कर्ज तिच्या नावावर असेल तर जागेचा हक्कही तिला लेखी मिळावा. सासूबाईंनी हा विषय स्वतःहून काढला तर सुनेला तो काढावा लागणार नाही.

सरकारी कागदांना मुली उगाच घाबरतात, ती कामं होतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, एक्स-रे मशिनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद, वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर. आणि पेशंट पाठवणाऱ्याला कट द्यायचा नाही. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत त्याला मनाई आहे. 'इथे सगळेच देतात' असं कुणी सांगेल. सांगू द्या.

कागदांपेक्षा घड्याळ अवघड. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. म्हणजे गुरुवार हा दवाखान्याचा सगळ्यात गर्दीचा दिवस व्हायला हवा, आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही नेमकी गुरुवारीच निघतात. कॉम्प्रेसर बंद तर खुर्ची नुसती बसायला. त्याची सोय आधी करायची. इतर दिवशी पहिली पाळी दुपारी सुटते, माणूस चाकणच्या तळेगाव चौकातली गाड्यांची रांग पार करून घरी पोचतो, अंघोळ करतो, आणि मग दात आठवतो. खरा धंदा संध्याकाळी सहा ते नऊ. हीच वेळ पोरांच्या अभ्यासाची आणि भाकरीची. दवाखाना खाली आणि घर वर असलं की आणखी एक होतं. कुकरची शिट्टी झाली की वरून हाक येते, 'जरा येऊन जा गं.' तोंडात ड्रिल असताना जाता येत नाही.

ही ओढाताण नवी नाही. फातिमा जिना कलकत्त्याला दंतवैद्यक शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना काढला. १९२९ मध्ये वहिनी वारली, भावाचं घर सांभाळायला कुणी नव्हतं, आणि त्यांनी दवाखाना बंद केला. पुढे राजकारणात त्यांचं नाव झालं ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे घरात अडचण आली की आधी कुणाचं काम थांबतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, पोरांना क्लासहून कोण आणणार, तिच्या बाळंतपणात दवाखान्यात कोण बसणार, हे तिघांची नावं घेऊन ठरलेलं असावं. 'बघू, होईल' हे नाव नव्हे.

इतकं सगळं विचारल्यावर काही मुली हिरमुसतात. 'म्हणजे मी काढूच नको का?' काढ की. फक्त उत्तर 'अजून नाही' असं आलं तर गाळा अकरा महिन्यांच्या कराराने दुसऱ्याला द्या. त्याचं भाडं सुनेच्या नावाने बाजूला टाका. तोवर ती एकाच चांगल्या दवाखान्यात काम करील. जवळ एक वही ठेवील. त्यात पेशंटचं नाव लिहायचं नाही. दात कुठला, काय केलं, तारीख, आणि तो माणूस परत आला तर कशासाठी आला. मालक डॉक्टरांना विचारून दर महिन्याला आपलं परत आलेलं काम तिनेच हाताळायचं. पेशंट फोन करून 'त्या मॅडम कुठल्या वेळी असतात' असं विचारायला लागले की त्याचीही त्या वहीत नोंद करायची. दोन वर्षांनी ती वही घेऊन घरातल्यांनी पुन्हा चहाला बसायचं, आणि खुर्चीचं कोटेशन त्या दिवशी मागवायचं.