टीव्हीवरचे ‘हसलर’
२०१५ मध्ये अमेरिकेत ट्रू-टीव्हीवर ‘द हसलर्स’ नावाचा रिॲलिटी शो आला होता. न्यूयॉर्कचे पूल खेळाडू, त्यांची क्रमवारी, पैशांवर लागलेल्या मॅचेस. आता गंमत बघा, हसलर म्हणजे आपला खेळ मुद्दाम लपवून समोरच्याला गंडवणारा. कॅमेऱ्यासमोर ‘मी हसलर’ म्हणणाऱ्याच्या जाळ्यात कोण सापडणार? आणि यात जेनिफर बॅरेटासारखी व्यावसायिक स्पर्धा खेळणारी खेळाडूही होती बरं का! पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी नेमका कुठे थांबवायचा, हा खरा खेळ. तो शांतपणे चालतो, त्यात टीव्हीला मसाला मिळत नाही. मग उरतो तो जुगार. तेवढंच बघितलेले आई-बाबा मुलीला पूल हॉलमध्ये पाठवतील का? आणि प्रायोजक तरी कशाला पैसे लावेल?